नागनाथपाराच्या पलीकडे

मराठीत ‘वाट’ हा शब्द जितक्या क्रियापदांशी संसार करतो तितका दुसरा एखादा शब्द क्वचितच करीत असेल. वाट धरतात, वाट पुसतात, वाट काढतात, वाट अडवतात, वाट चुकतात, कधी वाट लावतात आणि पुष्कळदा नुसतीच वाट पाहतात. या क्रियापदांची वाटणी कशी झाली आहे हे जरा बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या कथाकवितांत, गाण्यांत आणि घरोघरच्या बोलण्यात वाट काढणारा आणि वाट चुकणारा बहुधा पुरुष असतो. वाट पाहणारी बहुधा बाई असते. वाट चुकण्याचा हक्कसुद्धा सर्वांना सारखा मिळालेला नाही.

हा हक्क वाटला केव्हा जातो? आमच्या मते लहानपणी, आणि तोही खेळाच्या वेळात. शाळा, जेवण आणि अभ्यास यांच्यामधल्या रिकाम्या तासांत एखाद्या मुलाला घरापासून किती लांब जाऊ दिले, एकट्याने जाऊ दिले की कोणाच्या मागे बसवून नेले, आणि परतीची वाट त्याने स्वतः शोधली की दुसऱ्याने दाखवली, यावर त्याच्या डोक्यातला गावाचा नकाशा पुष्कळसा ठरतो. पुढे त्यालाच आपण ‘दिशांची जाण’ म्हणतो आणि ती डोळ्यांच्या रंगासारखी उपजत असते असे धरून चालतो.

हे लिहिणाऱ्या आम्ही दोघी बहिणी. एकीने महाविद्यालयात मराठी शिकवले, दुसरीने मानसशास्त्र. त्यामुळे या लेखात कधी एकीचा हात दिसेल, कधी दुसरीचा. अनुभव मात्र दोघींचा सामाईक आहे.

आमचे बालपण सत्तरच्या दशकात पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका वाड्यात गेले. त्या काळच्या पुण्यात पत्ता रस्त्याच्या नावाने कमी आणि देवाच्या नावाने जास्त सांगितला जाई. पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, जिलब्या मारुती, उंटाडे मारुती. उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा. चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर. बाहेरगावच्या माणसाला ही नावे थट्टेची वाटतात. परंतु ज्या गावात एकाच देवाची पावलोपावली देवळे आहेत, तिथे प्रत्येकाला विशेषण जोडल्यावाचून खूण पटायची कशी? ही विशेषणे म्हणजे गावाने स्वतःला पाठ करून ठेवण्याची एक युक्तीच होती. अलेक्झांडर सीगल आणि शेल्डन व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली मुलांच्या स्थलज्ञानाचा एक क्रम मांडला: मूल प्रथम खुणा ओळखते, मग एका खुणेपासून दुसरीपर्यंतची वाट शिकते, आणि अशा पुष्कळ वाटा एकमेकींत गुंतल्या की त्यांतून सबंध नकाशा तयार होतो. हा क्रम इतका पायरीपायरीने घडत नाही, असे पुढच्या संशोधकांनी दाखवले आहे. पण खुणा, वाटा आणि नकाशा ही तीन निरनिराळी ज्ञाने आहेत, हा भेद अजूनही उपयोगी पडतो. खुणा आम्हा सर्वच मुलांना पाठ होत्या. प्रश्न पुढच्या दोन पायऱ्यांचा होता.

वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, त्यानंतरच्या एका दिवाळीत आम्ही दोघींनी आणि आमच्याहून तीन वर्षांनी मोठ्या दादाने एक खेळ केला. प्रत्येकाने वेगळ्या खोलीत बसून, कोणालाही न विचारता, आपल्या लहानपणच्या पेठेचा नकाशा आठवून काढायचा. तासाभराने तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दादाच्या कागदाची वरची डावी बाजू मुठेने व्यापली होती. तिच्यावर लकडी पूल, पुलापलीकडे डेक्कन जिमखाना, त्याच्याही पश्चिमेला वेताळ टेकडी. दक्षिणेला सारसबाग आणि पर्वती. मधून गेलेले लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, बाजीराव रस्ता यांच्या रेघा ठाम होत्या आणि त्यांच्यातील कोन बरेचसे बरोबर होते. आमचा वाडा म्हणजे एक छोटा चौकोन; त्यात काहीच काढलेले नव्हते.

आमच्या दोघींच्या कागदांवर वाड्यानेच अर्धी जागा घेतली होती. दिंडीदरवाजा, चौक, हौद, अंधारा जिना, माडीवरच्या बिऱ्हाडांची दारे, आणि मागच्या बोळात उघडणारे ते बुटके दार. वाड्याबाहेर पडल्यावर रस्ते जवळजवळ नव्हतेच. होती ती घरे. कोणाच्या घरातून कोणाच्या परसात जाता येते, कोणत्या वाड्यातून आरपार गेले की वळसा वाचतो, कोणाच्या जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे, हे सारे तपशीलवार होते. घरांचा क्रम पाहून आम्हीच चकित झालो. तो भोंडल्याचा क्रम होता. आश्विनात हस्त नक्षत्र लागले की संध्याकाळी पाटावर हत्ती मांडून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असे आम्ही फेर धरीत असू आणि खिरापत ओळखून घरी परतत असू. मुलींना दिवेलागणीनंतर घराबाहेर राहण्याची मुभा देणारे वर्षातले तेवढेच दिवस. आमचा नकाशा त्या दिवसांच्या उजेडात काढलेला होता.

आणि दोघींच्याही कागदावरची रेघ एकाच ठिकाणी थांबली होती: नागनाथपाराशी. कागद संपला नव्हता, पण पुढे काय होते ते हाताला ठाऊक नव्हते. घरातले एक ठरलेले वाक्य होते, ‘नागनाथपाराच्या पलीकडे एकटं जायचं नाही.’ ते दादालाही कधी काळी सांगितले असणारच. फरक एवढाच, की त्याने ते मोडले तेव्हा घरात कोणी फारसे मनावर घेतले नाही.

अमेरिकेत व्हर्मॉन्टमधील एका लहानशा गावात रॉजर हार्ट या संशोधकाने मुले कुठे खेळतात, कुठवर जातात, कोणत्या जागांना काय नावे ठेवतात, याचा फार मायेने आणि चिकाटीने अभ्यास केला. ‘चिल्ड्रन्स एक्स्पीरियन्स ऑफ प्लेस’ या नावाने तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. तिथेही मुलग्यांना मुलींपेक्षा पुष्कळ लांबवर जाण्याची मुभा होती, आणि मुलग्यांनी ती सीमा ओलांडली तर पालक काणाडोळा करीत. सदाशिव पेठ आणि व्हर्मॉन्ट यांच्यात अर्ध्या पृथ्वीचे अंतर असले तरी आयांच्या बोलण्यात फारसे अंतर नसावे.

आता खेळांकडे वळू. वाड्याच्या चौकात आम्ही सारी मुलेमुली मिळून डबा ऐसपैस खेळत असू. वाचकांपैकी तरुणांना हा खेळ कदाचित ऐकूनच ठाऊक असेल. एकाने डबा लांब फेकायचा. ज्याच्यावर राज्य आहे त्याने तो आणून जागेवर ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचे. मग राज्य घेणाऱ्याने एकेकाला शोधून, नाव घेऊन, धावत येऊन डब्याला हात लावायचा. त्याआधी लपलेल्यांपैकी कोणी झेपावून डबा उडवला, की पुन्हा पहिल्यापासून राज्य. या खेळाची सारी खुमारी एका ताणात आहे. शोधायचे तर डब्यापासून दूर जायला हवे आणि डबा राखायचा तर दूर जाऊन भागत नाही. पाठ फिरवून चालत असतानाही आपण डब्यापासून किती पावलांवर आहोत आणि तो कोणत्या हाताला आहे, याचे भान सुटता कामा नये. डोळ्यांना न दिसणारी जागा मनात धरून ठेवण्याचा असा सराव कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात नव्हता. आंधळ्या कोशिंबिरीत हेच डोळे बांधून चालत असे, आणि लपंडावात दुसऱ्याच्या डोळ्यांनी चौकाकडे पाहायला शिकावे लागे: तो जिथे उभा आहे तिथून मी दिसेन का?

दहा-अकराव्या वर्षी मात्र या खेळाची फाळणी झाली. डबा चौकातून बोळात गेला, बोळातून मैदानावर गेला. आम्ही चौकातच राहिलो. मग सागरगोटे, काचापाणी, ठिक्कर, आणि दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या. या खेळांना आम्ही कमी लेखत नाही. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी एकही रेघ न चुकता काढणे हे अवकाशाचे उत्तम गणित आहे, आणि काचापाण्यात एका काचेला धक्का न लावता दुसरी उचलणे हेही. परंतु हाताच्या टप्प्यातल्या जागेची जाण आणि चालून गेल्याशिवाय जी आवाक्यात येत नाही अशा जागेची जाण ही भावंडे असली तरी जुळी नव्हेत, असे मानसशास्त्र सांगते. एकीत तरबेज असलेली व्यक्ती दुसरीत चाचपडू शकते. आम्हाला पहिली भरपूर मिळाली.

दुसरी दादाला मिळाली ती सायकलवर. पेठेतल्या दुकानात तासाच्या भाड्याने सायकली मिळत. आधी छोटी, मग मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, मग रीतसर सीटवर बसून, असे त्याचे शिक्षण झाले आणि त्याबरोबर त्याचे गाव दर सुट्टीत थोडे थोडे वाढत गेले. आम्हीही त्या सायकलवरून पुष्कळ हिंडलो. सारसबाग पाहिली, लकडी पुलावरून पावसाळ्यातली नदी पाहिली, चतुःशृंगीच्या जत्रेला गेलो. फक्त आम्ही मागे, कॅरिअरवर होतो.

ही गोष्ट आमच्यापैकी मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला पुढे वर्गात एक जुना प्रयोग शिकवताना लख्ख आठवली. रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी १९६३ साली तो प्रसिद्ध केला. मांजराची पिल्ले अंधारात वाढवलेली. त्यांची एकेक जोडी रोज काही वेळ उजेडात एका फिरत्या दांडीला जोडली जाई. एका टोकाचे पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसऱ्या टोकाचे पिल्लू टोपलीत बसलेले असे आणि पहिल्याच्या चालण्याने गोल फिरे. दोघांना दिसणारे दृश्य जवळजवळ एकच. काही आठवड्यांनी पाहिले, तर चालणारे पिल्लू काठावरून खाली खोल दिसताच मागे सरे, जमीन जवळ येताच पंजे पुढे करी. टोपलीतल्या पिल्लाला यातले काही येत नव्हते. पुढे मोकळे सोडल्यावर तेही शिकले, हे सांगायला हवे. पण पाहणे आणि चालत पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या प्रयोगाने असे दाखवले की विसरता येऊ नये. टोपलीतले पिल्लू पाहून वर्गातली मुले हसली. शिकवणारीला कॅरिअर आठवले.

मेंदूविज्ञानाने यानंतर बरीच मजल मारली आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, की उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की त्यांतली ठरावीक पेशी चेतते. त्याच्या शेजारच्या भागात जागेवर जणू जाळी आखणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने २००५ साली दाखवल्या, आणि तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या टापूतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. २०११ सालच्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात, ही वाढ परीक्षेची तयारी करून उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूत त्या तयारीच्या काळातच झाल्याचे आढळले. म्हणजे नकाशा काही सारा जन्मतः घेऊन येता येत नाही. तो चालवून, वापरून वाढतो.

मग मुलीबायांना दिशा कळत नाहीत, हे सार्वत्रिक वचन कुठून आले? या वाक्याची आम्ही मोजलेली एक किंमत इथे सांगतो. १९८९ साली आमच्यापैकी एकीला परगावच्या महाविद्यालयात कायमची नोकरी मिळत होती. घरात चर्चा झाली. बाबा म्हणाले, ‘अगं, हिला मंडईतून घरी यायची वाट सापडत नाही, ही त्या अनोळखी गावात एकटी काय करणार?’ सगळे हसले, जिच्याविषयी बोलणे चालले होते तीही हसली, आणि नोकरी गेली. पुढची कायमची जागा मिळायला सात वर्षे लागली. बाबांच्या मनात अढी नव्हती. ते आमच्यावर माया करणारे, आम्हा दोघींना एम.ए.पर्यंत शिकवणारे गृहस्थ होते. त्यांचे निरीक्षणही खरे होते. कारण मात्र त्यांनी मुलीच्या स्वभावात शोधले. ते पंचवीस वर्षांच्या परवानगीत होते.

आणखी एक विसंगती अशी, की दिशा आम्हाला उत्तम कळत होत्या. आजीचे घर दिशांनीच चाले. दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसायचे नाही, उत्तरेकडे डोके करून झोपायचे नाही, दिव्याची वात दक्षिणेला करायची नाही, तुळशीला पाणी घालताना तोंड उगवतीकडे. पाट मांडायचे काम आमच्याकडे असल्यामुळे कुठल्याही नव्या घरात गेले तरी पूर्व कोणती, हे आम्हाला दादाच्या आधी समजे. पिएर दासें आणि रमेशचंद्र मिश्र यांचे २०१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचताना आम्हाला याची संगती लागली. वाराणसीच्या संस्कृत पाठशाळांतली मुले वस्तूंच्या जागा सांगताना आणि लक्षात ठेवताना डावे-उजवे सोडून पूर्व-पश्चिमेचा आधार इतर मुलांपेक्षा अधिक घेतात, असे त्यांना आढळले. विधी आणि भाषा मिळून मुलाच्या अंगात होकायंत्र बसवू शकतात. आमच्या अंगात ते बसले होते. परंतु होकायंत्र घेऊन घरात बसलेल्याला समुद्र कळत नाही. दिशा होत्या, अंतर नव्हते.

या मुद्द्याला आता जगभरातून पुष्टी मिळाली आहे. केनियातील लोगोली समाजात रूथ आणि ली मन्रो या दांपत्याने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जी मुले मोकळ्या वेळात घरापासून अधिक दूर जात ती अवकाशविषयक चाचण्यांत सरस ठरली, आणि दूर जाणाऱ्यांत मुलगे जास्त होते. ‘सी हीरो क्वेस्ट’ हा मोबाइलवरचा, होडी हाकारत वाट शोधण्याचा खेळ २०१६ साली संशोधनासाठीच काढला गेला. त्यातून ५७ देशांतील पाच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून २०१८ साली जो निष्कर्ष निघाला तो असा: स्त्री-पुरुषांमधील वाट शोधण्याच्या क्षमतेतील तफावत ज्या देशांत स्त्री-पुरुष विषमता जास्त तिथे जास्त, आणि जिथे समानता अधिक तिथे कमी. बोलिव्हियातील चिमाने या शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजात मुलगे आणि मुली बालपणी जवळजवळ सारखेच हिंडतात. तिथल्या मुलांना दूरच्या जागांची दिशा बोटाने दाखवायला सांगितली तेव्हा मुलगे-मुलींत लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१९ सालचा एक अभ्यास सांगतो. याचा अर्थ शरीराचा काहीच वाटा नाही असा दावा आम्ही करणार नाही. पण जो फरक देशागणिक आणि अंगणागणिक बदलतो, त्याला निसर्गाच्या नावावर सरसकट खपवणे आता कठीण आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आम्हाला वाटते, आपल्या वाङ्मयाचा एक मोठा भाग या नकाशांच्या आधाराने नव्याने वाचता येईल. मराठी गद्याच्या आरंभीच महानुभावांची ‘स्थानपोथी’ आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले ती गावे, त्या गावांतली देवळे आणि मठ, त्यांची दारे कोणत्या दिशेला, एक स्थान दुसऱ्याच्या कोणत्या बाजूला, याची ही नोंदवही. गुरूची आठवण टिकवायची तर जागा पाठ करा, या श्रद्धेतून ती झाली. आणि ‘लीळाचरित्रा’त त्या वाटांनी चालणाऱ्यांत बाइसा, महदाइसा, उमाइसा आहेत, हे विसरू नये. तेराव्या शतकातल्या त्या बाया उंबरठा ओलांडून चालल्या आणि प्रश्न विचारीत चालल्या.

ज्या चालू शकल्या नाहीत त्यांनी नकाशा जात्याभोवती गोळा केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायांकडून जमवल्या. त्यांत माहेरच्या वाटेवरच्या खुणा आहेत, पंढरीच्या वाटेवरचे मुक्काम आहेत, भावाच्या गावचे शिवार आहे. पहाटेच्या अंधारात एका जागी बसून, हात गोल फिरवीत म्हटलेले हे भूगोल आहेत. त्यांतील गावांची नावे क्रमाने लिहून काढली तर कितीकांचे नकाशे तयार होतील! कोणा संशोधक विद्यार्थ्याने हे काम जरूर हाती घ्यावे.

आधुनिक वाङ्मयातही हा भेद शोधण्यासारखा आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) सुरुवात एका कोवळ्या मास्तरच्या एकट्याने चालत जाण्याने होते, गाव आधी पायांना कळते, मग आपल्याला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त गावे किती येतात! पण बिऱ्हाड हलते ते बहुधा टिळकांच्या मनात आले म्हणून. लक्ष्मीबाईंची स्मरणशक्ती विलक्षण, आणि तिला लगडलेली असतात ती घरे, माणसे, स्वयंपाकघरे, सोवळ्याओवळ्याच्या सीमा. आमचे दोघींचे कागद पाहिले तेव्हा आम्हाला ‘स्मृतिचित्रे’ नव्याने कळले असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. रुंद नकाशा आणि खोल नकाशा असे हे दोन प्रकार आहेत. खोल नकाशातून उत्तम साहित्य निर्माण होते. नोकरीच्या गावी एकटीने पोहोचण्यासाठी मात्र रुंद नकाशा लागतो, आणि खोलीचे कौतुक करून ही उणीव झाकली जाऊ नये.

आजच्या मुलांकडे पाहिले की वेगळीच अडचण दिसते. आमच्यापैकी एकीची नात नऊ वर्षांची आहे. शहराच्या कडेच्या एका मोठ्या गृहसंकुलात राहते, व्हॅनने शाळेत जाते, आठवड्यातून तीन दिवस फुटबॉल शिकते. तिला घरात बसून विचारले, ‘तुझी शाळा कुठल्या बाजूला आहे, बोट दाखव.’ तिने क्षणाचाही विलंब न लावता गेटकडे बोट दाखवले. कारण व्हॅन गेटशी येते. शेजारच्या तिच्याच वयाच्या मुलाला विचारले. त्यानेही गेटच दाखवले. आमच्या पिढीत मुलगा आणि मुलगी यांत जो भेद होता तो इथे मिटला आहे, पण मुलीला अंतर मिळून नव्हे, तर मुलाचेही गेल्याने. आता दोघेही टोपलीत आहेत.

यात पालकांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. रस्त्यावरची वाहने खरी आहेत, भीतीही खरी आहे. इंग्लंडमध्ये मायर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत, सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले १९७१ साली एकटी शाळेत जात होती. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. रस्ते-अपघातांत मरणारी मुले त्या काळात कमी झाली, आणि सरकारने त्याचे श्रेय सुरक्षिततेला दिले. हिलमन यांचे म्हणणे असे, की रस्ते सुरक्षित झाले नाहीत, मुले रस्त्यावरून काढून घेतली गेली. आपल्या शहरांत अशी मोजणी आम्ही पाहिलेली नाही. पण कोणत्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहिले की काय घडले आहे ते दिसते.

पडद्यावरच्या खेळांवर सरसकट खापर फोडणेही आम्हाला मान्य नाही. नात ठोकळ्यांची घरे बांधायचा जो खेळ खेळते त्यात तिची गुहा, तिचा पूल, तिचे शेत कुठे आहे हे तिला बिनचूक ठाऊक असते, आणि वाट चुकली तर ती स्वतः शोधते. त्रिमितीय जगात हिंडण्याचा खेळ दोन आठवडे खेळलेल्या तरुणांची स्मरणाच्या एका चाचणीत प्रगती झाली, असे २०१५ साली अमेरिकेत आढळलेले आहे. म्हणजे शोधण्याची भूक मुलांत शाबूत आहे. जिथे मुभा मिळते तिथे ती भागवली जाते. त्या जगात पाय दुखत नाहीत, ऊन लागत नाही आणि अंधार पडल्यावर घरी रागावायला कोणी बसलेले नसते, एवढी त्यात उणीव आहे. ‘सी हीरो क्वेस्ट’च्याच माहितीतून २०२२ साली असेही दिसले, की जे लोक शहराबाहेर वाढले ते वाट शोधण्यात सरासरीने सरस असतात, आणि ज्यांचे बालपण चौकटीसारख्या आखीव रस्त्यांच्या शहरांत गेले ते वाकड्यातिकड्या वाटांमध्ये कमी पडतात. बालपणीच्या जागेचा ठसा असा आयुष्यभर टिकतो.

मग करायचे काय? जुने वाडे परत येणार नाहीत, आणि यावेत असेही आम्हाला वाटत नाही. त्या चौकांत आमच्यासाठी सीमा आखलेल्या होत्या. आम्ही एक लहानसा उपाय करून पाहतो आहोत. रविवारी नातीबरोबर बाहेर पडायचे, भाजी घ्यायची, आणि परतताना तिला पुढे चालू द्यायचे. आपण वीस पावले मागे. फोन पिशवीत. ती चुकली तरी बोलायचे नाही. पहिल्या रविवारी ती दर कोपऱ्यावर थांबून मागे पाहत होती. तिसऱ्या रविवारी तिने चुकीचे वळण घेतले, बरीच पुढे गेली, थबकली, वर पाहिले, लांबवर पाण्याची टाकी शोधली आणि उलट फिरली. घरी पोहोचायला चाळीस मिनिटे जास्त लागली, आणि पालेभाजी सुकली. रस्ता ओलांडताना आम्ही तिचा हात धरला. बाकी सारे तिचे.

शेवटी वाचकांना, विशेषतः शिकवणाऱ्यांना, एक विनंती. एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या दहाव्या वर्षीचे गाव आठवून काढावे. शक्य झाले तर वर्गातल्या मुलामुलींकडूनही काढून घ्यावे, आणि ते कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नकाशा बरोबर आला की नाही याला महत्त्व नाही. रेघ जिथे थांबते तिथे जरा रेंगाळावे, आणि त्या जागी कोणाचे कोणते वाक्य ऐकू येते, ते कागदाच्या कडेला लिहून ठेवावे.